शिकवणी घ्यावी, पण धंद्याच्या हिशोबाने

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. अशाच एका शुक्रवारी माझ्या चुलत भावाचा मुलगा भेटायला आला. तो एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षात शिकतो. म्हणाला, "चाचा, मोहल्ल्यातली दहावीची सहा मुले शिकवणीला यायला तयार आहेत. घेऊ की नको? अब्बा म्हणतात, आधी आपले शिक्षण पुरे कर. अम्मी म्हणते, शेजाऱ्यांच्या मुलांकडून पैसे कसे घ्यायचे?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात आला असेल, म्हणून त्याला दिलेले उत्तर येथे मांडतो.

मी म्हटले, "बेटा, जरूर घे. पण आधी तुझ्याकडे माल कोणता आहे ते ओळख." दहावीचे गणित शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. या मुलाजवळ जास्तीची एक गोष्ट आहे. तो स्वतः उर्दू माध्यमातून विज्ञान शाखेत गेला आणि टिकला. दहावीपर्यंत आपली मुले मुसल्लस, जाविया, दायरा शिकतात. अकरावी विज्ञानाला गेले की तेच ट्रँगल, अँगल, सर्कल होतात. गणित बदलत नाही, पण मुलगा घाबरतो आणि मागे पडतो.

हे मी अनुभवाने सांगतो. १९८६ साली मी दहावी झालो. गणितात गुण चांगले होते. अकरावीत सर फळ्यावर जे लिहीत ते मला येत होते, पण जे बोलत ते कळत नव्हते. विचारायला लाज वाटे. सहा महिन्यांत कॉलेज सोडले आणि वडिलांच्या दुकानात बसलो. दुकानाने मला पुष्कळ दिले, तक्रार नाही. पण तेव्हा रोज तासभर बसवून दोन्ही भाषांतले शब्द जुळवून देणारा कोणी असता, तर कॉलेज सोडायचे की नाही हे मी ठरवले असते. म्हणून मी त्याला सांगितले, प्रत्येक धड्याचे शब्द वहीत उर्दू आणि इंग्रजी असे शेजारी शेजारी लिहून घे. हा माल दुसरीकडे सहज मिळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सहा मुलांच्या घरी जाऊन एकेक तास शिकवले तर सहा तास गेले, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मग स्वतःचा अभ्यास कधी होणार? तीच सहा मुले आपल्या घरी एकत्र बसवली तर दीड तासात काम होते. समजा, प्रत्येकी महिना सहाशे रुपये घेतले, तर छत्तीसशे झाले. पुस्तके, परीक्षा फी आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातून निघेल. विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी राहील, हे पालकांना जूनमध्येच सांगावे. सहाची बारा मुले करण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. शिकवणीपायी स्वतःची पदवी रखडली तर तो मुद्दल खाऊन केलेला धंदा झाला.

तिसरी गोष्ट फीची. पैसे घेण्यात कमीपणा नाही. फुकट शिकवणीला मुले वेळेवर येत नाहीत आणि शिकवणाऱ्यालाही दांडी मारायला संकोच वाटत नाही. एखादा मुलगा खरोखर गरीब असेल तर त्याची फी माफ करावी, पण इतर मुलांना ते कळू देऊ नये. जो धडा आपल्यालाच पक्का येत नाही तो "उद्या सांगतो" म्हणून दुसऱ्या दिवशी तयारीने शिकवावा. तागा मापात कमी भरला तर गिऱ्हाईक परत येत नाही, तसेच हेही आहे.

एक कायद्याची बाबही ध्यानात ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. विद्यार्थ्याला ती लागू नाही. उद्या तो शाळेत शिक्षक झाला तर मात्र शिकवणी बंद करावी लागेल.

आता दोन शब्द आपणा व्यापारी बंधूंसाठी. सुताचा व्यापारी पैसे मागायला आला की आपण त्याला चहा पाजून पुढची तारीख देतो. तीच सवय आपण मुलांच्या शिकवणीलाही लावली आहे. सहाशेचे पाचशे करायचे आणि तेही दोन महिन्यांनी द्यायचे. कोवळ्या वयाचा हा मुलगा तगादा लावू शकत नाही. तो गप्प राहतो आणि शेवटी शिकवणी बंद करतो. नुकसान आपल्याच मुलाचे होते.

भावाच्या मुलाने सोमवारपासून शिकवणी सुरू केली. सहांपैकी एक मुलगा माझ्या दुकानातील कामगाराचा आहे. त्याची पहिल्या महिन्याची फी मी आगाऊ दिली. आपल्या शेजारीही असा एखादा विद्यार्थी असेल. त्याच्याकडे मुले पाठवा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचे पैसे द्या.