राज्यकर्त्यांचे शब्द, रयतेचा हिशेब

परभाषेतून मराठीत आलेल्या शब्दांच्या याद्या आपल्या अभ्यासक्रमात अनेक वर्षे ठाण मांडून आहेत. फारसीतून अर्ज, तहसील, फौजदार. पोर्तुगीजमधून चावी, पाव, बटाटा, पगार. विद्यार्थी ही यादी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो आणि विषय तेथेच संपतो. हे शब्द कोणी घेतले, कोणाकडून घेतले आणि कोणत्या अवस्थेत घेतले, हे विचारले जात नाही. आमच्या मते भाषेच्या इतिहासाला खरा आरंभ या प्रश्नापासूनच होतो.

इंग्रजीच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचित आहे. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि वीस वर्षांत तेथील बहुतेक मोठ्या जमिनी त्यांच्या हाती गेल्या. १०८६ साली विल्यम राजाने गावोगावची जमीन, नांगर व उत्पन्न यांची मोजदाद करविली. तीच 'डूम्सडे बुक'. पुढे न्यायदानाचे आणि सरंजामाचे शब्द फ्रेंच झाले. गोठ्यातली 'काऊ' इंग्रजीच राहिली, धन्याच्या ताटातले 'बीफ' मात्र फ्रेंचमधून आले. कोण राबत होते आणि कोण जेवत होते, हे एवढ्या दोन शब्दांवरून कळते.

असा प्रसंग आपल्या उत्तर कोकणातही घडला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी येथील गावे आपल्या सरदारांना ठरावीक खंडावर, बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीने वाटली. त्याबदल्यात लष्करी चाकरीचे बंधन असे. काही गावे धर्मसंघांकडे गेली. १५५४ साली सिमाँव बोतेल्यु या अधिकाऱ्याने महसुलाची नोंदवही सिद्ध केली. तिला वसईची 'डूम्सडे' म्हणावयास हरकत नसावी. दोन्ही दप्तरांत गावाचे उत्पन्न सापडते. कसणाऱ्याचा आवाज सापडत नाही.

परंतु साम्य येथेच संपते. नॉर्मन आणि त्यांची प्रजा यांचा धर्म एकच होता. काही पिढ्यांत राज्यकर्ते प्रजेत मिसळले, आणि १३६२ साली न्यायालयांतील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदाच झाला. वसईत राज्यकर्त्याने आपला धर्मही आणला. त्यात श्रद्धा होती, तशी सक्तीही होती. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा धाक या बाजूलाही होता.

आता शब्दांकडे पाहू. मराठीतील कारभाराची भाषा मुख्यतः फारसीने घडविली. पोर्तुगीजांनी दिलेले शब्द बहुतांशी स्वयंपाकघरातले, सुताराच्या हातातले आणि कामाच्या जागेवरचे आहेत: घमेले, पिंप, बिजागरी, चावी. म्हणजे आपल्या माणसाला हा राज्यकर्ता भेटला तो दरबारात नव्हे, तर त्याच्या घरी, गोदीत आणि बांधकामावर राबताना. 'पगार' हा शब्द मुळात 'पैसे देणे' या क्रियापदाचा. देणाऱ्याची क्रिया घेणाऱ्याच्या तोंडी नाम होऊन बसली. आणि या साऱ्या घरगुती शब्दांत एक 'तुरुंग'ही आहे, हे विसरता कामा नये.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि दोनशे पाच वर्षांची सत्ता संपली. धर्म मात्र राहिला, आणि तो मराठीत राहिला. वसईचे ख्रिस्ती सामवेदी, वाडवळी या आपल्याच बोली बोलत राहिले. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. याउलट रायगडातील कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र बोली आजही बोलली जाते. एकाच सत्तेखाली दोन समाजांनी दोन वेगळे निर्णय घेतले. सत्ता काय आणते, एवढेच पाहून समाज कसा बदलला हे सांगता येत नाही, याला याहून चांगला पुरावा कोणता?

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात, पोर्तुगीज अंमल कधी पोहोचला नाही. तरीही घमेले, चावी आणि पगार तेथील बोलण्यात आहेतच. राज्य किनाऱ्यावर अडले. शब्द मात्र बाजारातून, मजुरीच्या वाटेने आणि पुढे शहरांच्या वाढीबरोबर घाट चढून गेले. त्यांना वाहून नेणाऱ्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत.

म्हणून 'परकीयांनी मराठीला काय दिले' हा परीक्षेतला प्रश्न आता बदलावा, असे आम्हांस वाटते. देणारा मध्यभागी ठेवला की घेणारा आपोआप याचक ठरतो. मराठी माणसाने परक्या सत्तेखाली राबताना काय उचलले, काय नाकारले आणि उचललेले कसे आपले करून टाकले, असे विचारले तर तीच यादी समाजाचा इतिहास होते. शब्दांना आणणारे राज्यकर्ते केव्हाच गेले. ते वापरणारा आजही घमेले उचलून पगाराची वाट पाहतो आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासात त्याच्यासाठी अजून एकही प्रकरण नाही.