अवेळीचे अन्न

प्रवासात अवेळी भूक लागली तर काय करावे, या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित घरांतून वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत आले आहे : घरचा डबा न्यावा, आणि तो संपला तर केळी खाऊन निजावे. या उत्तरात पथ्य आहे, काटकसर आहे, आईची माया तर आहेच. परंतु परक्या गावाविषयीचा एक खोल अविश्वासही त्यात दडलेला आहे. त्या अविश्वासाचा लाभ आज कोण उठवीत आहे आणि त्यापायी आपण काय गमावीत आहोत, हे स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम स्वतःचाच अपराध सांगतो. गेल्या माघात पणजीहून पुण्यास रात्रीच्या बसने निघालो होतो. दीडच्या सुमारास बस एका झगझगीत भोजनगृहापाशी थांबली. फलकावर पदार्थांची नावे शंभराच्या घरात. पण ज्या जिल्ह्यात आम्ही उभे होतो त्या जिल्ह्याचा त्यांत एकही पदार्थ नव्हता. पनीर बटर मसाला, मंचूरियन, हाका नूडल्स! मागविलेला भात कोमट होता, भाजी गोड होती, आणि पोळी ज्या कोणी लाटली असेल त्याने ती दिवेलागणीलाच लाटून ठेवली होती. रस्त्याच्या पलीकडे, शंभर पावलांवर, उसाचे ट्रक उभे होते. हंगाम ऐन भरात असल्यामुळे साखर कारखाना रात्रंदिवस चालू होता, आणि त्या ट्रकवाल्यांसाठी एक बाई पत्र्याच्या आडोशाला चूल पेटवून भाकऱ्या थापीत होती. पिठल्याचा वास रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत येत होता. एका सहप्रवाशाने चालकास विचारले, ‘दादा, तिकडं जाऊन येऊ का?’ तो म्हणाला, ‘साहेब, जेवायचं हितंच. गाडी वीस मिनिटांत सुटंल.’ त्याचे स्वतःचे जेवण त्या भोजनगृहात फुकट असते, हे पुढे पहाटे चहाच्या वेळी त्यानेच निर्मळपणे सांगितले. वीस मिनिटे तशी पुष्कळ होती. तरीही मी गेलो नाही. दिवे इकडे होते, धूर तिकडे होता. आणि माझ्यासारख्या माणसाने दिव्यांकडेच जायचे असते, असे माझ्या पायांनी माझ्या आधीच ठरवून टाकले होते.

दोष केवळ त्या भोजनगृहाचा किंवा चालकाचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दोष आपल्या समजुतीत आहे. ‘अवेळ’ हा शब्दच जरा तपासून पाहावा. रात्रीचे दोन ही प्रवाशाची अवेळ असेल. गावाची ती नसते. कोणाची तरी ती कामाची वेळ असते. मार्केट यार्डात त्या वेळी भाजीच्या गाड्या उतरत असतात. मासळीच्या धक्क्यावर होड्या लागण्याची वाट पाहिली जात असते. गोव्यातला पोदेर भट्टी तापवून पिठाला हात घालीत असतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात, आणि मोठ्या इस्पितळाच्या दाराशी रुग्णांचे नातेवाईक तिष्ठत उभे असतात. या सर्वांना भूक लागते, ती रोज लागते, आणि ती भागविणारा कोणीतरी जवळपास असतोच. प्रवाशाने त्याला शोधायचे असते, इतकेच.

येथे एक साधा व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. महामार्गावरच्या भोजनगृहात येणारा प्रवासी पुन्हा तेथे यावयाचा नसतो, आणि आला तरी स्वतःच्या इच्छेने येत नाही; बस थांबते म्हणून येतो. त्याला चांगले जेवू घालण्याचे कारण मालकाला काय? उलट हमाल, ट्रकवाला, रात्रपाळीचा कामगार हा उद्या याच वेळी याच जागी येणार असतो. त्याला एकदा शिळे वाढले तर तो दुसऱ्या गाडीवर जातो, आणि चार मित्रांना घेऊन जातो. तात्पर्य, अपरात्री जेथे कष्टकरी माणसांची रांग आहे तेथील अन्नाची परीक्षा रोज होत असते. जेथे केवळ प्रवासी आहेत तेथे ती कधीच होत नाही. खिशातले यंत्र काढून त्यावर तारे मोजीत बसणाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवावा. ज्या बाईच्या हातची भाकरी मी सोडली, तिच्या नावाची पाटीही नव्हती. मग नकाशावर टिंब कोठून असणार?

आता आपल्याच परिचयाच्या गावांकडे पाहू. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो. रात्री पेढ्यांची दारे बंद झाली की त्याच ओट्यांसमोर कढया आणि पराती मांडल्या जातात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडू, खोपरा पॅटिस, दहीवडे, मालपुवे यांचा बाजार भरतो. रात्री वर्दळ राहिली तर पेढ्यांना चोराचे भय उरत नाही, म्हणून सराफांनीच या बाजाराला आश्रय दिला, असे तेथील जुने लोक सांगतात. पहाट झाली की तेच शहर पोहे-जिलबीला लागते. ग्वाल्हेरास सकाळी बेडईची कढई चढते. वडोदऱ्याच्या सेव-उसळीतला ‘उसळ’ हा शब्दच तिचे कूळ सांगतो. हैदराबादेत नहारी खायची ती उजाडताना. तिचे नावच ‘नहार’ म्हणजे दिवस या अरबी शब्दावरून पडले आहे, आणि त्यासाठी हंडा रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवावा लागतो. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार आपल्यासमोर काढून दूध हातात देतात. गोव्यात दिवेलागणीनंतर रोस-आमलेटचे गाडे लागतात : अंड्याची पोळी, तिच्यावर नारळाच्या वाटणाचा शागोतीचा रस्सा, बाजूला चिरलेला कांदा आणि पाव. ‘रोस आनीक घालूं?’ हा तेथला प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याने गोव्यातली रात्र पाहिली असे मी म्हणणार नाही. आणि पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत पोदेर येतो, त्याच्या टोपलीतल्या ऊन पोया आणि उंडे घेऊन लहानशा उपाहारगृहात पातळ भाजीशी खाव्यात. नऊ वाजता त्या चवीतला अर्धा जीव गेलेला असतो.

या यादीचा हेतू वाचकांच्या तोंडास पाणी सुटावे हा नाही. यातील एकही पदार्थ बारा ते दोन आणि आठ ते दहा या ‘सभ्य’ वेळांत जन्मलेला नाही. प्रत्येकाला स्वतःची घटका आहे, आणि त्या घटकेला त्याची गरज असलेली माणसे आहेत. मुंबईचा वडापाव घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो प्रथम विकला गेला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पाळी संपवून वा पाळीला निघालेल्या माणसाला उभ्याउभ्या, हातात धरून खाता येईल असे अन्न हवे होते, त्यातून तो रुजला. गिरणगावात तर बायकांनी घरोघरी खाणावळी चालवून पाळ्यांच्या वेळा सांभाळल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खाणावळवाल्या बायकांच्या बळावर. ज्या अन्नाला आज आपण आपल्या प्रांताचे भूषण म्हणून मिरवतो, ते अवेळी राबणाऱ्यांनी अवेळी राबणाऱ्यांसाठी घडविलेले आहे. त्याची वेळ काढून घेतली की ते अन्न राहत नाही. राहते ते त्याचे चित्र, विमानतळावरच्या दुकानात चौपट दराने विकण्याजोगे.

आणि वेळ काढून घेण्याचे काम जोरात चालू आहे. एखाद्या शहरात नवा अधिकारी येतो, अकरा वाजता शिट्ट्या वाजतात, गाड्या उचलून नेल्या जातात. महामार्ग रुंद होतो, तेव्हा पहिला बळी वळणावरच्या चुलीचा पडतो आणि तिच्या जागी ठेक्याने दिलेले भोजनगृह उभे राहते. आपण मात्र ‘शहर सुधारले’ म्हणून समाधान पावतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप स्वच्छतेचा. तो खोटा नाही. घाणेरड्या पाण्याची गाडी मीही टाळतो, आणि वाचकांनीही टाळावी. पण स्वच्छता म्हणजे फरशीची चकाकी नव्हे. शिजलेले अन्न बिघडते ते मुख्यतः ५ ते ६० अंश सेल्सियस या उष्णतामानात फार वेळ पडून राहिल्याने. दुपारचा भात कोमट ठेवून रात्री वाढणे हे तर पोट बिघडविण्याचे निश्चित साधन आहे. तव्यावरून थेट पानात पडलेली भाकरी आणि उकळता रस्सा या दृष्टीने त्या झगझगीत टेबलावरील कोमट भातापेक्षा कितीतरी निर्धोक. शिवाय जे इंदूर सराफ्यातली रात्र जगवते, तेच इंदूर केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिले आले. रात्रीचा बाजार आणि स्वच्छ रस्ता यांचे वैर नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? पाणी द्या, दिवा द्या, कचरा उचला, मग तपासणी करा. आधी काही न देता नंतर गाडी उचलणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आगीचा आणि शेजाऱ्यांच्या झोपेचा. अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या दाटीने मांडल्या तर धोका आहेच, आणि तेथे संख्या व अंतर ठरवून दिलेच पाहिजे. पण धोका आवरणे वेगळे आणि बाजार बुडविणे वेगळे. सुरक्षिततेचा प्रश्न काढणाऱ्यांना तर मी उलट विचारतो : रात्री अडीच वाजता बसमधून एकट्या उतरलेल्या परिचारिकेला कोणता रस्ता बरा वाटेल? जेथे एक दिवा, एक शेगडी आणि चार चहा पिणारी माणसे आहेत तो, की जेथे ‘सुव्यवस्था’ राखण्यासाठी सारे हाकलून दिलेले आहेत तो?

तिसरा आक्षेप संस्कृतीचा : रात्री-अपरात्री रस्त्यावर खाणे आपल्या रीतीत बसत नाही. हा आक्षेप घेणारांना आपलीच रीत ठाऊक नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे आपण शाळेत शिकलो. तिथी नाही त्याला वेळ कोठून असणार? अवेळी येणे हे अतिथीचे लक्षणच आहे. महेश्वरी बसून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या अहल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा आणि अन्नछत्रे घातली, ती वाटसरूने घड्याळ पाहून यावे म्हणून नव्हे. वाटेवरच्या माणसाला अन्न मिळावे ही त्या काळी राज्यकर्त्याने आपली जबाबदारी मानली होती. आज राज्याने अन्न शिजवावे असे कोणी म्हणत नाही; जे शिजवीत आहेत त्यांची चूल विझवू नये, एवढीच मागणी आहे.

या मागणीला कायद्याचा आधारही आहे. संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. ग्राहक आणि विक्रेते परंपरेने जेथे जमत आले आहेत, त्या जागेला हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून ओळखतो. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तर, मद्यालयांसारखे अपवाद सोडता, रात्री दुकान उघडे ठेवण्यावरील जुने निर्बंध उठविले. मग आमच्या गावात ही समिती बसते काय? तिच्यात रात्री राबणारी एक तरी बाई आहे काय? रात्रीच्या वेळा ठरविताना तिला कोणी विचारले काय? हे प्रश्न प्रत्येक वाचकाने आपापल्या नगरपालिकेला लेखी विचारावेत. बस चालविणाऱ्यांनाही विचारावे, की थांब्याची जागा प्रवाशांच्या सोयीने ठरते की चालकाच्या फुकट ताटाने?

शेवटची गोष्ट मात्र नगरपालिकेच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे. परक्या गावी अपरात्री उतरल्यावर ‘इथे चांगले हॉटेल कोठे?’ असे विचारण्याची आपली सवय आहे. तसे विचारले की रिक्षावाला आपल्याला दिव्यांकडे नेतो, कारण आपणास तेच हवे आहे असे तो समजतो, आणि तो चुकत नाही. त्याऐवजी त्याला विचारावे, ‘दादा, तुम्ही या वेळी कुठं जेवता?’ तो क्षणभर आपल्याकडे निरखून पाहील. मग बहुधा स्वतःच पुढे होऊन जागा दाखवील, आणि तेथल्या बाईला आपल्यासाठी एक भाकरी जास्त टाकायलाही सांगेल.

त्या माघातल्या रात्री मी हा प्रश्न विचारला नाही. रस्त्यापलीकडची चूल आमची बस सुटेपर्यंत पेटलेली होती. तो रस्ता आता रुंद होणार आहे, असे कळते. तेव्हा पुढच्या हंगामात ती बाई त्या जागी असेल की नाही, हे केवळ तिच्या नशिबावर सोडून आपण मोकळे होणार आहोत काय?