काम मागणाऱ्याकडूनच पैसे?

घरबसल्या कामाच्या जाहिराती पूर्वी विजेच्या खांबावर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या दिसत. आता त्या थेट हातातल्या फोनवर येतात. खांबावरची जाहिरात निदान चारचौघांना दिसे आणि एखादा शहाणा शेजारी वेळीच सावध करी. फोनवरची जाहिरात गरजूला एकट्यात गाठते. पेन्सिली खोक्यांत भरून द्या, पाने टंकलिखित करून द्या, महिन्याला पंचवीस-तीस हजार मिळवा, असे हे आमंत्रण असते. ते स्वीकारतात ती माणसे कोण? तान्ह्या मुलाची आई, पदवी घेऊन गावी बसलेला तरुण, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना सोडून जाता न येणारी मुलगी. त्यांना लोभी ठरवून मोकळे होण्याची सुशिक्षितांची रीत आम्हांला मान्य नाही. काम मागणे हा लोभ नव्हे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची पत्नी गेल्या वर्षी भेटावयास आली. तिने अडीच हजार रुपये 'नोंदणी शुल्क' भरले होते आणि सात रात्री जागून चारशे पाने टंकलिखित केली होती. आठव्या दिवशी कळविण्यात आले की अचूकता ९८ टक्क्यांहून कमी भरली, सबब मोबदला नाही. उलट कराराचा भंग झाल्याने नुकसानभरपाई द्यावी, अन्यथा अटक होईल. घाबरून तिने मुलीच्या शिकवणीचे पैसे भरले. त्यानंतर दुसरी नोटीस आली, तेव्हा ती आमच्याकडे आली. तो करार आम्ही वाचला. मुद्रांकाच्या कागदाचे छायाचित्र, खाली वकिलाचा शिक्का, आणि काम देणाऱ्याचा पत्ता कोठेही नाही. करारभंग हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. केवळ त्यासाठी पोलीस कोणाला अटक करीत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाचा कितीही मोठा आकडा लिहिला तरी मिळू शकते ती वाजवी भरपाईच, आणि ती किती हे न्यायालय ठरविते. शिवाय फसवून मिळविलेली संमती ज्याची फसवणूक झाली त्याला नाकारता येते. पैशांइतकेच दुःखद असे की त्या चारशे पानांची जगात कोणालाच गरज नव्हती. तिचे श्रम हा केवळ देखावा होता.

येथे अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. मजुरी मालकाकडून मजुराकडे जाते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रीचे शोषण काही कमी झाले नाही: पाने अपुरी द्यावयाची, वळलेल्या विड्या नापास म्हणून बाजूला काढावयाच्या, हे सारे घडले. तरीही पाने आणि तंबाखू कारखानदार देई, हजारामागे दर ठरलेला असे, आणि १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानले. लिज्जतच्या भगिनी पीठ घरी नेतात, लाटलेले पापड परत देतात आणि मजुरी घेतात. कच्चा माल देणाराच जोखीम घेतो. जेथे नोंदणी, प्रशिक्षण, अनामत अथवा 'साहित्य संच' यांसाठी काम मागणाऱ्याच्याच खिशात हात जातो, तेथे ती व्यक्ती कामगार नसून गिऱ्हाईक असते, बहुधा सावज.

हे केवळ फोनचे पाप नाही. २०१९ साली सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात पिल्ले आणि खाद्य शेतकऱ्यांना विकण्यात आले, अंडी व कोंबड्या चढ्या भावाने विकत घेण्याचे वचन देण्यात आले, आणि खरेदी थांबताच शेतकरी कर्जात बुडाले.

टेलिग्रामवरील 'टास्क'चा प्रकार अधिक धूर्त. चित्रफितींना पसंती दिल्याबद्दल पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरोखरच जमा होतात. मग पुढील कामासाठी आगाऊ रक्कम मागतात. पडद्यावर शिल्लक फुगत जाते, आणि ती काढावयाची तर आधी 'कर' भरा म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशी शंभरांहून अधिक संकेतस्थळे बंद केली. नवी उघडावयास कितीसा वेळ लागतो? काहींना तर 'तुमच्या खात्यात आलेले पैसे पुढे पाठवा' हेच काम दिले जाते. ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात, आणि पोलीस प्रथम या खातेदाराच्या दारी येतात.

आपल्या शाखांत शिधापत्रिकेचे आणि पेन्शनचे अर्ज लिहून देणारे कार्यकर्ते बसतात. त्यांच्या टेबलावर हेही काम यावे. पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासात, १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम खात्याखात्यांतून फिरत असते तोवर ती गोठविण्याची शक्यता राहते, पुढे ती झपाट्याने मावळते. संदेश, पावत्या, 'नोटिसा' रागाने पुसून टाकू नयेत. तक्रारीला त्याच उपयोगी पडतात. धमकीला भिऊन दुसरा हप्ता तर कदापि भरू नये.

मात्र हे सांगावयाचे तर आधी माणसाने बोलावयास हवे. त्या मुलीला ती जाहिरात कोणा अनोळखी माणसाने पाठविलेली नव्हती. ती आली होती तिच्याच बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर, आपल्या एका जुन्या कार्यकर्तीकडून. त्या बाईंनी स्वतः पैसे भरले होते. त्यांनाही नोटीस आली, तेव्हा लाजेपोटी त्यांनी कोणालाच सांगितले नाही, आणि त्या गप्प असलेल्या पंधरा दिवसांत गटातील आणखी पाच जणींनी नोंदणी केली.