विश्लेषण : सोल्युशन नवे, डबी जुनी… कॉन्टॅक्ट लेन्समुळे डोळ्यांना संसर्ग होतो कसा?

वाकोल्यातून रोज सकाळी बीकेसी, विमानतळ किंवा कलिना कॅम्पस गाठणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. लेन्स महागडी, सोल्युशन नामांकित कंपनीचे. डबी मात्र बेसिनवरच्या फळीवर वर्षभर तीच. डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणले जातात. लेन्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत ही समजूत थेट दृष्टीवर बेतू शकते.

डबीत नेमके काय घडते?

बादलीला आतून बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. दातांवरचे कीटण हाही त्याच जातीचा प्रकार. याला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, चिकट द्रव्य सोडतात आणि त्याच्या आडोशाने वसाहत करतात. सोल्युशन या थराच्या आतपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. डबीचा तळ आणि झाकणाचे आटे ही त्यांची आवडती जागा. तिथून जंतू लेन्सवर आणि लेन्सवरून कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर जातात. यात सर्वाधिक धास्ती स्यूडोमोनास या जिवाणूची. तो एक-दोन दिवसांत कॉर्नियाला खोल जखम करू शकतो.

मग सोल्युशन ‘जंतुनाशक’ कसे?

आयएसओ १४७२९ या निकषानुसार सोल्युशनची चाचणी तीन जिवाणू आणि दोन बुरशींवर होते. जिवाणूंची संख्या हजारपटीने आणि बुरशीची दहापटीने घटली, तर सोल्युशन पास. पण ही चाचणी द्रवात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंवर होते, डबीला चिकटलेल्या वसाहतीवर नाही. बाटलीवरचा दावा खोटा नाही. परीक्षा वेगळी आहे, इतकेच.

निकषात बसलेले उत्पादनही प्रत्यक्ष वापरात तोकडे पडू शकते, हे २००६ मध्ये दिसले. सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांना फ्युजेरियम बुरशीचा संसर्ग झाला. अमेरिकेत १६४ रुग्णांची निश्चिती झाली. त्यांपैकी ५५ जणांवर कॉर्निया प्रत्यारोपणाची वेळ आली. बॉश अँड लॉम्बने ‘रिन्यू विथ मॉइश्चरलॉक’ हे सोल्युशन त्याच वर्षी मे महिन्यात जगभरातून मागे घेतले. डबीतल्या कालच्या सोल्युशनमध्येच नवे ओतण्याची सवयही तेव्हा चर्चेत आली.

मुंबईच्या पाण्याचा संबंध काय?

पालिकेचे पाणी क्लोरिन घातलेले असते, पिण्यायोग्य असते, निर्जंतुक नसते. शिवाय ते नळाला येण्याआधी सोसायटीच्या जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाकीत, वस्त्यांमध्ये पिंपात साठते. अकँथामिबा हा सूक्ष्मजीव कवच धारण करून पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरिनलाही दाद देत नाही आणि बायोफिल्ममधले जिवाणू खाऊन जगतो. ब्रिटनमध्ये याचा संसर्ग तुलनेने जास्त आढळण्यामागे घरोघरच्या साठवण टाक्या हे एक कारण मानले जाते. टाक्यांच्या बाबतीत मुंबई ब्रिटनच्या मागे नाही. त्यामुळे लेन्स किंवा डबी नळाखाली धरायची नाही. फिल्टरचे पाणीही नको.

मग डबी कशी ठेवायची?

लेन्स काढली की डबीतले सोल्युशन फेकायचे, धुऊन कोरड्या केलेल्या बोटाने ताज्या सोल्युशनमध्ये डबी आतून घासायची, स्वच्छ टिश्यूने पुसायची आणि झाकणे उघडी ठेवून पालथी घालायची, तीही बाथरूमबाहेर. जुलैच्या दमट हवेत डबी आपोआप सुकेल ही आशा फोल, म्हणून पुसणे टाळू नये. तीन महिन्यांनी डबी बदलायची. सोल्युशनच्या बाटलीसोबत बहुतेकदा नवी डबी मिळतेच. ती कपाटात पडून राहते. रोज नवी लेन्स वापरून फेकणाऱ्यांना डबीच लागत नाही, अर्थात तीच लेन्स दुसऱ्या दिवशी घातली नाही तर.

आणि रात्रपाळीनंतर लेन्स घालूनच झोपणे? ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या १० हजार जणांमागे वर्षाला सुमारे दोघांना कॉर्नियाचा संसर्ग झाला. लेन्ससह झोपणाऱ्यांत हा आकडा सुमारे २० होता.

डोळा लाल झाला तर?

दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे यांपैकी काहीही असेल तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असेल, तर लाली उतरते आणि आत संसर्ग पसरतो. लेन्स आणि डबी फेकू नये, धुऊही नये. जशीच्या तशी डॉक्टरांकडे न्यावी. कॉर्नियाच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत तिचीही तपासणी करता येते आणि कोणते औषध द्यायचे, ते ठरवायला मदत होते.