सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील नागरी प्रश्नांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार.

विषय : सातिवली (वसई पूर्व) येथील अग्निसुरक्षा, पाण्याचा निचरा, सभा व मतदार नोंदणी याबाबत.

महोदय,

आम्ही सातिवली परिसरातील रहिवासी, गाळेधारक व कामगार हे निवेदन सादर करीत आहोत.

तुंगारेश्वरचा डोंगर व मुंबई-अहमदाबाद महामार्ग पूर्वेला, रेल्वेमार्ग पश्चिमेला. मधल्या पट्ट्यात गोखिवरे, वालीव आणि सातिवली. येथील कारखानदारी एमआयडीसीने वसवलेली नाही. खाजगी जमिनींवर गाळे एकेक करून उभे राहिले. त्यामुळे रस्ता, गटार आणि अग्निशमन यांसाठी आमचे दार एकच, महानगरपालिकेचे.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. २०१० व २०१५ साली निवडणुका झाल्या. जून २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकीय राजवट राहिली. नेमक्या याच काळात गाळे वाढत गेले, पण गल्लीतला प्रश्न सभागृहात मांडायला नगरसेवक नव्हता.

गल्लीची स्थिती अशी : दोन्ही बाजूंना माल उतरवणारे टेम्पो, मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. एका गाळ्यात प्लास्टिक, शेजारी पुठ्ठा, तर कुठे पोटमाळ्यावर झोपलेले कामगार. आग लागली तर बंब आत शिरेपर्यंत शेजारचे गाळेही पेटतील.

पावसाळ्यात डोंगराचे पाणी याच पट्ट्यातून खाडीकडे उतरते. जुलै २०१८ च्या पुरानंतर नेमलेल्या नीरी व आयआयटी मुंबईच्या सत्यशोधन समितीने धारण तलाव सुचवले होते. नाल्याची वाट अडली की पाणी गाळ्यात शिरते, कच्चा माल भिजतो आणि कामगाराचे खाडे पडतात.

आमच्या मागण्या :

१. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाच्या ‘ब’ नमुना प्रमाणपत्राची इस्टेटनिहाय यादी प्रसिद्ध करावी. प्रमाणपत्र नसलेल्या जागांवर कारवाई करावी. कामगारांच्या राहण्याची पर्यायी सोय पाहूनच पोटमाळे रिकामे करावेत.

२. प्रत्येक गल्लीत बंबासाठी मोकळी मार्गिका आखावी व पाणी भरण्याची जागा निश्चित करावी.

३. डोंगरपायथ्यापासून खाडीपर्यंत नाल्यांची मोजणी करून अडथळ्यांचा नकाशा प्रभाग कार्यालयात लावावा. मे अखेरपूर्वी नालेसफाई पूर्ण व्हावी. समितीच्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, हे लेखी कळवावे.

४. रहिवासी, गाळेधारक व कामगार यांची सभा दर तीन महिन्यांनी सातिवलीतच घ्यावी आणि इतिवृत्त जाहीर करावे.

५. निवडणूक यंत्रणेच्या सहकार्याने कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मतदार नोंदणी शिबिरे घ्यावीत. २०२४ साली वसई विधानसभेचा निकाल ३,१५३ मतांनी लागला. इथे राबणाऱ्या अनेकांची नावे मात्र अजून मूळ गावच्या यादीत आहेत. ज्यांची मते इथे नाहीत, त्यांच्या पाण्याची आणि संडासाची मागणीही कोणी करत नाही.

मागणी १ व ३ संबंधीचा कालबद्ध कार्यक्रम ३० दिवसांत लेखी मिळावा. नाल्यांच्या मोजणीच्या वेळी आमचे प्रतिनिधी जागेवर हजर राहतील.

कळावे,

आपले विश्वासू,
सातिवली परिसरातील रहिवासी, गाळेधारक व कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, पालघर, मा. तहसीलदार, वसई.