‘मिनिटाला ५ रुपये’ म्हणजे तासाला किती? घरबसल्या ट्रान्सक्रिप्शनच्या दरांचा खरा हिशेब

गेल्या महिन्यात मुरबाडच्या मामेबहिणीचा व्हॉट्सॲप मेसेज आला. ‘दादा, मराठी ऑडिओ ऐकून टाइप करायचं काम आहे. मिनिटाला ५ रुपये देतायत. घेऊ का?’ खाली जाहिरातीचा स्क्रीनशॉट. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव सरळगावच्या पुढे, कॉलेजला एसटीने ये-जा. मी शहापूर तालुक्यातला, आता ठाण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. त्यामुळे घरातल्या सगळ्या ‘मोबाईलवरच्या’ प्रश्नांचा कस्टमर केअर मीच.

मिनिटाला ५ म्हणजे तासाला ३०० रुपये, असा हिशेब तिने आधीच करून ठेवला होता. दिवसाला चार तास केले तर १,२०० रुपये. तुम्हीही जाहिरात बघून हाच गुणाकार केला असता. पण हा गुणाकार चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे कळलं की अशा प्रत्येक जाहिरातीचा दर तुम्हाला दोन मिनिटांत तपासता येईल.

मिनिट कोणाचं?

ट्रान्सक्रिप्शन म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून ते जसंच्या तसं लिहून काढणं. या धंद्यात दर जवळपास नेहमी ‘ऑडिओ मिनिटा’वर ठरतो. म्हणजे ५ रुपये मिळतात ते एका मिनिटाच्या आवाजाचे, तुम्ही बसलेल्या एका मिनिटाचे नाहीत.

आपल्याकडे हे नवीन नाही. आवणीच्या दिवसांत काम रोजाने करायचं की उक्तं घ्यायचं, हे शेतावर आधी ठरतं. उक्त्या कामात शेत किती वेळात उरकेल हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून भाव करता येतो. ट्रान्सक्रिप्शन हे उक्तं कामच आहे, फक्त ‘शेत’ किती मोठं आहे ते जाहिरातीत दिसत नाही.

हात बसलेल्या माणसाला एक तासाचं स्वच्छ रेकॉर्डिंग लिहायला साधारण चार तास लागतात, असं या क्षेत्रात धरलं जातं. नवख्याला त्याहून बरेच जास्त. चार-पाच जण एकदम बोलत असतील, मागे मिक्सर चालू असेल किंवा रस्त्यावरून ट्रक जात असेल, तर आणखी जास्त. या आकड्याला आपण ‘पट’ म्हणू. एका मिनिटाला तुमची आठ मिनिटं गेली तर पट ८.

मग सूत्र असं:

ऑडिओ मिनिटाचा दर × ६०, भागिले पट, गुणिले मंजूर झालेल्या कामाचा हिस्सा. आलेला आकडा हा तुमचा खरा ताशी दर.

आम्ही घड्याळ लावून बघितलं

रविवारी मामाकडे गेलो आणि बहिणीला चाचणीसाठी आलेला दहा मिनिटांचा ऑडिओ घेऊन बसलो. लिहायचं तिने, घड्याळ माझ्याकडे. पहिल्या दहा मिनिटांना ८० मिनिटं लागली. म्हणजे पट ८, आणि ३०० भागिले ८ म्हणजे तासाला ३७ रुपये ५० पैसे.

दोन दिवसांनी निकाल आला. दहापैकी दोन मिनिटांचं काम नामंजूर. हातात ४० रुपये, म्हणजे ताशी ३० रुपये.

नामंजूर का झालं ते मी बघितलं. रेकॉर्डिंगमधल्या बाई ‘पानी’ म्हणाल्या होत्या, बहिणीने ‘पाणी’ लिहिलं होतं. त्या ‘नाय’ म्हणाल्या, हिने ‘नाही’ लिहिलं. शाळेने दहा वर्षं जे शुद्ध म्हणून शिकवलं, ते इथे चूक ठरलं, कारण मशीनला माणूस जसा बोलतो तसंच हवं असतं. काही प्रकल्पांत नेमका उलटा नियम असतो, प्रमाण लेखनच हवं असतं. नियमांचं पान इंग्रजीत होतं, आणि ते वाचायला गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही. तो अर्धा तास मी वरच्या हिशेबात धरलेलासुद्धा नाही.

आठवड्याभरात तिचा हात बसला. तेवढाच ऑडिओ आता ५० मिनिटांत होतो. पट ५. सगळं मंजूर झालं तर तासाला ६० रुपये.

मामी शेजारी भेंडी निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, ‘बसून ६० मिळतायत तर वाईट काय?’ प्रश्न बरोबर आहे. वाईट की चांगलं हे ठरवायला तुलना लागते.

दर शेजारी शेजारी ठेवले तर

हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपयांना धरतो.

- रोजगार हमी: २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये. आठ तास धरले तर तासाला ३९ रुपये. बहिणीची पहिल्या दिवसाची कमाई याच्याही खाली होती.
- आमची जाहिरात: दाखवताना तासाला ३००, प्रत्यक्षात ३० ते ६०.
- रेव्ह: अमेरिकेतली मोठी ट्रान्सक्रिप्शन कंपनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने ऑडिओ मिनिटाचा किमान दर ४५ सेंटवरून ३० सेंटवर आणला, तेव्हा तिथल्या कामगारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ३० सेंट म्हणजे २७ रुपये. पट ५ धरला तर तासाला ३२४ रुपये.
- ट्रान्सक्राइबमी: कंपनीच्या माहितीनुसार सुरुवात ऑडिओ तासाला १५ ते २२ डॉलरने. पट ५ धरला तर तासाला २७० ते ३९६ रुपये.
- ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क: हे फक्त ट्रान्सक्रिप्शन नाही, सगळ्या प्रकारची छोटी ऑनलाइन कामं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,६७६ कामगारांनी केलेली ३८ लाख कामं तपासली गेली. मधल्या कामगाराची कमाई तासाला साधारण २ डॉलर, म्हणजे १८० रुपये निघाली. काम शोधण्यात आणि नामंजूर झालेल्या कामात गेलेला वेळ हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.
- कार्या: बेंगळुरूची ना-नफा संस्था, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या प्रकल्पातून उभी राहिलेली. २०२३ मध्ये तिने जाहीर केलेला किमान दर तासाला सुमारे ५ डॉलर, म्हणजे ४५० रुपये. डेटा पुन्हा विकला गेला तर त्यातला वाटाही बोलणाऱ्याला देण्याचं तिचं धोरण आहे.
- भाषादान आणि कॉमन व्हॉइस: पहिला केंद्र सरकारच्या भाषिणी मोहिमेचा भाग, दुसरा मोझिलाचा. भाषादानमधल्या ‘सुनो इंडिया’त हेच काम आहे, ऐका आणि टाइप करा. मोबदला शून्य. पण ते दान आहे हे नावातच सांगितलंय. आपल्या भाषेसाठी वेळ द्यायचा असेल तर जरूर द्या, कमाईच्या रकान्यात मात्र तो धरू नका.

परदेशी दर बघून लगेच उडी मारू नका. ते काम मुख्यतः इंग्रजीचं असतं, आधी परीक्षा असते, अनेक कंपन्या ठराविक देशांतूनच अर्ज घेतात, आणि पैसे पेपॅलवरून येताना रूपांतराची कपात होते. कार्याचं काम बहुतेक स्थानिक संस्थांच्या मार्फत मिळतं आणि तेही वर्षभर नाही, पूरक कमाई म्हणून.

स्वस्त का? काम कच्चं असतं म्हणून?

कमी दराचं नेहमीचं कारण ठरलेलं असतं: ‘गावाकडची पोरं, साधे फोन, क्वालिटी येत नाही.’ यावर अंदाज बांधायची गरज नाही, कारण हे मोजलं गेलंय, आणि तेही मराठीवर.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामीण भारतातल्या, स्मार्टफोनला नवख्या लोकांना मराठी आणि हिंदीतले हस्तलिखित शब्द बघून टाइप करायला दिले होते. स्वस्तातल्या फोनवर त्यांची अचूकता ९६.७ टक्के आली, आणि व्यावसायिक ट्रान्सक्रिप्शन कंपनीच्या तोडीचं काम झालं. २०२० मध्ये दुसरा अभ्यास आला. या वेळी मराठी आवाज गोळा केले होते, गावातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांचे, शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांचे आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे. ३६ जणांकडून १०९ तासांचा डेटा. गरीब घरातल्या लोकांकडून आलेला डेटा विद्यार्थ्यांच्या डेटाइतकाच चांगला निघाला.

उलट मागणी आता गावाकडच्या बोलीचीच वाढतेय. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने ‘इंडिकव्हॉइसेस’साठी १४५ जिल्ह्यांतून १६,२३७ लोकांचे ७,३४८ तासांचे आवाज जमवले. २०२४ मध्ये हा डेटा जाहीर झाला तेव्हा त्यातले १,६३९ तासच लिहून झाले होते. आवाज जमवणं त्या मानाने सोपं, तो लिहून काढणं जास्त वेळखाऊ. आणि किसान हेल्पलाइनच्या बॉटला शहापूरच्या शेतकऱ्याचं बोलणं कळायचं असेल, तर ते बोलणं आधी कोणीतरी बरोबर लिहून दिलेलं लागतं. ‘पानी’ म्हणजे नक्की ‘पानी’च म्हटलंय हे माझ्या बहिणीच्या कानाला लगेच कळतं. ते तिचं कौशल्य आहे.

मग दर का पडतो? मधे दोन-तीन ठेकेदार असतात आणि प्रत्येक जण आपला हिस्सा काढतो. शिवाय आता मशीन आधी कच्चा मसुदा लिहून देतं आणि तुम्हाला ‘फक्त दुरुस्त करा’ म्हणून अर्धा दर सांगितला जातो. इंग्रजीत ते कदाचित परवडेल. बोलीभाषेत मशीनचा मसुदा इतका चुकतो की दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून लिहिणं लवकर होतं. त्यामुळे दुरुस्तीच्या कामाचा पट वेगळा मोजा.

कायदा काय म्हणतो

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही ‘कर्मचारी’ मानलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणारे, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या आहेत, म्हणजे निदान कागदावर हे लोक दिसू लागलेत. पण ती संहिता विमा, निधी अशा गोष्टींबद्दल आहे. किमान वेतनाचा हक्क ‘कर्मचारी’ या नात्यातून येतो आणि ॲप तुम्हाला ‘स्वतंत्र फ्रीलान्सर’ म्हणतं. ऑडिओ मिनिटाला किमान किती द्यायचे हे कुठेच ठरलेलं नाही. तोपर्यंत हिशेब आपणच करायचा.

काम घेण्याआधी पाच गोष्टी

१. दहा मिनिटांचा नमुना घड्याळ लावून करा आणि स्वतःचा पट काढा.

२. दर क्लिपवर असेल तर मिनिटावर आणा. समजा, ८ सेकंदांच्या क्लिपला ५० पैसे. मिनिटात साडेसात क्लिप बसतात, म्हणजे मिनिटाला ३ रुपये ७५ पैसे.

३. नामंजूर कामाचं काय होतं ते आधी विचारा. कारण सांगतात का? दुरुस्तीची संधी देतात का? नामंजूर केलेलं काम ते वापरतात का?

४. किती रुपये जमल्यावर पैसे काढता येतात ते बघा. मर्यादा ५०० ची असेल तर ४४० रुपयांवर सोडलेलं काम फुकट गेलं.

५. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, ‘सॉफ्टवेअर’ची फी मागितली की तिथेच थांबा. ‘९० टक्के अचूकता आली नाही तर दंड’ असा करार करून घ्यायचा आणि नंतर वकिलाच्या नोटिशीची भीती दाखवून पैसे उकळायचे, हा डेटा एंट्रीतला जुना फ्रॉड आहे. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा.

बहिणीने काय केलं

मी ‘नको घेऊ’ म्हटलं नाही. ६० रुपये माझ्यासाठी काय आणि तिच्यासाठी काय, यात फरक आहे. एसटीचं भाडं निघतं, आणि मजुरीसाठी उन्हात जावं लागत नाही. मी फक्त तिला हिशेब एका कागदावर मांडून दिला.

तिने ठेकेदाराला मेसेज केला, मराठीत, सरळ. ‘मला एका मिनिटाला पाच मिनिटं लागतात. गावाकडचं बोलणं मला नीट कळतं. मिनिटाला ८ रुपये आणि नामंजुरीचं कारण लेखी दिलंत तर करते.’ ८ रुपयांनी तासाला ९६ होतात. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: बोलीभाषेच्या ऑडिओला ७ रुपये, कारण कळवू.

७ म्हणजे तासाला ८४ रुपये. परीक्षा होईपर्यंत रोज दोनच तास करायचे असं तिने ठरवलंय.

आमच्या शहापुरात भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. आवाजाचंही तसं व्हायला नको असेल, तर निदान आपण काय दिलं आणि त्याचे तासाला किती मिळाले, एवढं तरी आपल्या वहीत लिहिलेलं असू दे.