पापाची चाकरी आणि कृपा

इंत्रुजचे ढोल थांबतात आणि दुसऱ्याच सकाळी आमचा ख्रिस्ती शेजारी कपाळावर राखेची खूण घेऊन चर्चमधून परततो. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झालेला असतो. हे दृश्य पाहताना हिंदू गोमंतकीयाच्या मनात एक जुनी शंका डोकावते. शेजारधर्मामुळे तो ती बोलून दाखवीत नाही, इतकेच. चार दिवस मौज करावयाची, मग राख लावावयाची, पाद्रीपुढे गुडघे टेकून पापे सांगावयाची आणि खाते कोरे करून पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावयास लागावयाचे! सर्वांच्या पापांचे देणे ख्रिस्ताने आगाऊच चुकते केले असेल, तर माणसाने सुधारावे तरी कशासाठी?

ही शंका क्षुद्र नव्हे. १८९३ साली प्रिटोरियात तरुण बॅरिस्टर गांधींना हाच प्रश्न पडला होता. ‘प्लिमथ ब्रदरन’ या पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना समजाविले, की तुम्ही क्षणोक्षणी आपल्या चुका मोजीत बसता, प्रायश्चित्ते घेता, आणि शांती काही तुम्हांस लाभत नाही. आमचा भार येशूने वाहिला आहे, तेव्हा आम्ही निश्चिंत आहोत. गांधींनी उत्तर दिले ते असे, की पापाच्या फळांतून सुटका मला नकोच आहे. मला पापातूनच, किंबहुना पापाच्या विचारातूनच सुटावयाचे आहे. त्या गृहस्थाने पुढे आपला सिद्धान्त आचरणात आणूनही दाखविला. जाणूनबुजून तो गैर वागला आणि आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही, हे त्याने गांधींना पटवून दिले. आत्मचरित्रातील हा प्रसंग आमच्यापैकी अनेकांनी वाचला आहे आणि ख्रिस्ती कृपेची कल्पना निकालात काढून पुस्तक मिटले आहे. परंतु सर्वच ख्रिस्ती असे मानीत नाहीत हे आपणास ठाऊक होते, असे गांधींनी तेथेच नमूद केले आहे. ती ओळ वाचकांच्या लक्षात राहत नाही.

आमच्या मते गांधींचा आक्षेप ख्रिस्ती धर्मावरील बाहेरचा आक्षेप नव्हताच. तो त्या धर्माच्या गाभ्यात पहिल्यापासून बसलेला आहे. संत पौलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साधारण सन ५७च्या सुमारास, करिंथहून रोममधील ख्रिस्ती मंडळीला एक पत्र धाडले. त्याच्या सहाव्या अध्यायाच्या प्रारंभीच तो स्वतःला विचारतो, की कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय? आणि तत्काळ झिडकारून उत्तर देतो: मुळीच नाही. प्रिटोरियातील तो गृहस्थ पौलाने धुडकावलेले मतच आचरीत होता.

पौलाची भाषा कर्जाची नाही, गुलामीची आहे, ही गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. रोम हे गुलामांचे नगर. पत्राच्या शेवटी ज्यांना नमस्कार कळविले आहेत, त्यांपैकी कित्येकांची नावे त्या काळी गुलामांत सर्रास आढळणारी आहेत. अशा श्रोत्यांना पौल सांगतो, की पाप म्हणजे केवळ एकेक चुकीची नोंद नव्हे; पाप हा एक धनी आहे, तो राबवून घेतो आणि शेवटी मजुरी म्हणून मरण हातावर टेकवितो. मजुरीसाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द शिपायांच्या रोजमुऱ्याचा आहे. याच्या उलट देव जे देतो, ते वेतन नव्हे, दान आहे.

मग नियम कशासाठी? सातव्या अध्यायात पौलाने जे लिहिले आहे, ते गीतेच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि जे नको तेच घडते, अशी त्याची तक्रार आहे. इच्छा नसतानाही कोणी ओढून नेल्यासारखा माणूस पाप करतो तो कोणाच्या प्रेरणेने, हे तिसऱ्या अध्यायात अर्जुनानेही विचारलेच आहे. नियम रोगाचे नाव सांगतो. रोग हटविण्याचे बळ त्याच्यापाशी नाही. उलट बंदी घातलेल्या वस्तूची ओढ वाढते, हे आमच्या घरातील पोरेटोरेही जाणतात. म्हणून पौल म्हणतो, की नियमाच्या धाकाखाली असलेल्यावर पापाची सत्ता चालते, कृपेच्या छायेखाली आलेल्यावर ती चालू शकत नाही. सामान्य व्यवहाराच्या हे अगदी विरुद्ध आहे. धाक काढून घेतला की माणूस बिघडतो, असे आपण सारेच धरून चालतो.

येथे आम्हा मुक्तिलढ्यातल्या माणसांना एक आठवण सांगावीशी वाटते. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. परंतु पुढे कित्येक महिने राजकारणाचा विषय निघाला, की दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. पकडणारा उरला नव्हता, भीती उरली होती. त्यांपैकी अनेकांनी मुक्तीसाठी काडीही हलविली नव्हती, ती त्यांच्या पदरी आयती पडली होती. ती खरीच मिळाली आहे, हे मनात मुरावयास मात्र वेळ लागला. पौलाचा उपदेश याच जातीचा आहे. आधी चांगले व्हा म्हणजे सुटाल, असे तो सांगत नाही. तुम्ही सुटला आहात, आता गेलेल्या धन्याच्या हाती आपले हातपाय पुन्हा देऊ नका, असे सांगतो. क्रूसावरील बलिदानाची उपपत्ती स्वीकारण्याचे हिंदूंना कारण नाही. परंतु या क्रमातील मर्म ओळखण्यास धर्मांतराची गरज नाही. मांजरीने पिल्लाला तोंडात धरून न्यावे तशी देवाची कृपा, की माकडाच्या पिल्लाने आईला घट्ट धरावे तशी, हा वाद आमच्या वैष्णवांनीही काही कमी घातलेला नाही.

कृपा माणसाचे काय करते, याचे एक उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते; मोलाचे अशासाठी, की ते गैरसोयीचे आहे. १७२५ साली जन्मलेला इंग्रज खलाशी जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारात शिरला. मार्च १७४८मध्ये उत्तर अटलांटिकमधील वादळात जहाज बुडू लागले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तेथून आपला नवा जन्म मानला. पण पुढे? १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने गुलामांच्या जहाजाच्या तीन सफरी केल्या. वर रविवारी खलाशांकडून प्रार्थना, आणि खाली साखळदंडांत जखडलेली आफ्रिकी माणसे! १७५४ साली त्याने समुद्र सोडला तोही पश्चात्तापाने नव्हे, आजारपणामुळे. १७६४मध्ये तो धर्मोपदेशक झाला. देवाच्या कृपेवरील त्याचे जगप्रसिद्ध स्तोत्र १७७३च्या नववर्षदिनासाठी रचलेले. त्या गुलामांविषयी त्याने जाहीरपणे तोंड उघडले ते १७८८ साली. त्या पुस्तिकेत त्याने स्वतःचे काहीही झाकले नाही. जहाजावर काय चाले ते सांगितले, आणि आपण त्या धंद्याचे हत्यार होतो ही लाज जन्मभर पुरेल, अशी कबुली दिली. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, त्याच वर्षअखेर तो वारला.

चाळीस वर्षे! एवढा विलंब लागावा, ही कृपेची फजिती म्हणावयाची काय? त्या काळात जहाजांत कोंडली गेलेली माणसे तर तसेच म्हणतील, आणि त्यांना उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण न्यूटनला एवढी उशिरा का होईना, स्वतःविरुद्ध साक्ष देता आली, ती का, याचाही विचार व्हावा. शिक्षेच्या भीतीने जगणारा माणूस पुरावा लपवितो. क्षमा आपल्याला मिळाली आहे अशी ज्याची खात्री असते, त्यालाच तो स्वतः बाहेर काढणे परवडते.

हे लिहीत असताना आमच्या भूमीतला एक इतिहास डोळ्यांआड करता येत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२पर्यंत ठाण मांडून बसले. १७३६च्या त्याच्या फर्मानाने धर्मांतरितांना तुळस लावण्यास, पुरुषांना धोतर व स्त्रियांना चोळी नेसण्यास, इतकेच काय, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविण्यासही बंदी केली. एकाने काय खाल्ले यावरून दुसऱ्याने त्याचा न्याय करू नये, असा उपदेश पौलाच्या त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. कृपेचा ग्रंथ वेदीवर ठेवून स्वयंपाकघरापर्यंत नियम पोहोचविणारी ही राजवट प्रथम जाचली ती ख्रिस्ती झालेल्या आमच्याच बांधवांना. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना पुढे आठ वर्षे वाटत राहिले. त्या तळमळीचे मोल अशा इतिहासाच्या शेजारी ठेवले म्हणजे कळते.

असो. हा सारा प्रपंच पोथीतला नाही. आमच्या गावोगावी दारूपायी मोडलेली घरे आहेत, हिंदूंची आणि ख्रिस्त्यांचीही. हिंदू घरात काय होते? बायको-आई त्या माणसाला देवळात नेते, नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते, देवाची शपथ घालतात. आठव्या दिवशी शपथ मोडते. आता पिण्याच्या पापावर शपथभंगाचे पाप चढले, देवाचे तोंड पाहण्याची सोय उरली नाही, आणि ती बोच विसरण्यासाठी बाटली हाताशी असतेच. नियम पापाला बळ देतो तो असा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकत्र बसले. ख्रिस्ती भक्तांच्या एका मंडळात त्यांनी जे ऐकले होते त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तिची पहिली पायरी शपथेची नाही. दारूपुढे माझे काही चालत नाही, या कबुलीची आहे. दुसरी, आपल्याहून मोठी शक्ती सावरू शकेल या विश्वासाची. तिला कोणत्या नावाने हाक मारावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पुन्हा घसरलेल्या माणसालाही तेथे दार बंद होत नाही.

गोव्यातही अशा बैठका भरतात. पुढच्या खेपेस कोणी आपल्या माणसाला शपथ घालण्यासाठी देवळाची पायरी चढत असेल, तर नारळ जरूर ठेवावा. शपथ तेवढी घालू नये, आणि परतीच्या वाटेवर त्याला त्या बैठकीच्या दारापर्यंत सोबत करावी.